मदत हवी आहे: स्वादुपिंडाच्या सुजेनंतर व्हेंटिलेटर, स्टिरॉइडला हो म्हणावं का?

मंडळी, घाईत लिहितेय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

माझ्या ताईचे यजमान, आमचे दाजी, सांगलीत आयसीयूमध्ये आहेत. वय ५२, दारूला कधी स्पर्श नाही. पित्ताशयात खडे होते. रात्री जेवणानंतर पोटात कळ उठली ती थेट पाठीपर्यंत, उलट्या थांबेनात. रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) खूपच वाढलेलं आणि सीटीत स्वादुपिंड सुजलेलं. निदान: अ‍ॅक्यूट पॅन्क्रियाटायटिस.

पोटाचं दुखणं जरा उतरतंय असं वाटत असतानाच धाप लागली. मास्क लावूनही ऑक्सिजन उतरत गेला आणि व्हेंटिलेटर लावावा लागला. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढुरकी दिसतात. हृदयाचा इको चांगला आहे. डॉक्टर म्हणाले, हा एआरडीएस (फुप्फुसांना सूज येऊन त्यांत पाणी भरणं), पीएफ रेशो (फुप्फुसांतून रक्तात ऑक्सिजन किती पोचतो त्याचा आकडा) १४०, म्हणजे मध्यम तीव्रतेचा.

आज त्यांनी आम्हाला बाजूच्या खोलीत बसवलं आणि एका जुन्या रिपोर्टच्या कोऱ्या बाजूवर स्वादुपिंड आणि फुप्फुसं काढून दाखवली. म्हणाले, डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू करायचा विचार आहे, पण शुगर वाढेल आणि जंतुसंसर्गाचा धोका आहे, तुम्ही घरात बोला. घरात बोलायचं तर दाजींचे थोरले भाऊ ठाम नाही म्हणतात. २०२१मध्ये स्टिरॉइडनंतर काळ्या बुरशीने डोळा गमावलेला माणूस त्यांनी जवळून पाहिलाय, त्यामुळे त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. ताई मात्र एकच विचारते, 'पोटाचं दुखणं छातीत गेलंच कसं?'

इथे आयसीयूत काम करणारे कुणी असाल तर सांगा: या आजारात स्टिरॉइडचा खरंच उपयोग होतो का? आणि उद्या डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

प्रतिसाद १

ताई, मी भूलतज्ज्ञ आहे, काम आयसीयूतच. रुग्ण न पाहता 'द्या' किंवा 'नका देऊ' म्हणणार नाही, पण माहिती देतो.

आधी तुमच्या ताईंचा प्रश्न. सुजलेल्या स्वादुपिंडातून फॉस्फोलायपेजसारखी एन्झाइम रक्तात उतरतात आणि फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारा सर्फॅक्टंटचा थर खराब करतात. त्यात पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात, केशवाहिन्या गळू लागतात आणि पिशव्यांत पाणी साचतं. जंतू नसतानाही हे होतं. आपल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे सूज आवरणारं हार्मोन बनवतात. डेक्सामेथासोन त्याच जातीचं, पण कितीतरी पट जोरकस.

एआरडीएससाठी पुरावा आहे. स्पेनमधल्या २७७ रुग्णांच्या चाचणीत (२०२०) डेक्सामेथासोन लवकर दिलेल्यांत ६० दिवसांतले मृत्यू २१ टक्के, न दिलेल्यांत ३६ टक्के. मात्र त्यात न्यूमोनिया आणि सेप्सिसचेच (जंतुसंसर्गाने अवयव बिघडलेले) रुग्ण जास्त होते. पॅन्क्रियाटायटिसपुरतं बोलायचं तर पुरावा बराचसा प्रयोगशाळेतल्या उंदरांवरचा आहे. तुमचे डॉक्टर विचारात पडलेत ते यामुळेच, आणि ते मोकळेपणाने तसं बोलले हे मला चांगलं लक्षण वाटतं.

वेळेचंही महत्त्व आहे. अमेरिकेतल्या २००६च्या चाचणीत एआरडीएस सुरू होऊन १४ दिवस उलटल्यावर स्टिरॉइड सुरू केलेल्यांत मृत्यू वाढले होते. म्हणजे द्यायचं तर लवकर, 'बघू पुढे' म्हणत रेंगाळू नये.

थोरल्या भावांची भीती रास्त आहे. शुगर इन्सुलिनने आवरता येते, तासातासाला तपासता येते. मला जास्त काळजी स्वादुपिंडाचा भाग मरून त्यात जंतू शिरण्याची वाटते, कारण स्टिरॉइडमुळे ताप दबतो आणि ते उशिरा कळतं. उद्या हेच आधी विचारा: सीटीत नेक्रोसिस (स्वादुपिंडाचा मेलेला भाग) आहे का? प्रोकॅल्सिटोनिन (जंतुसंसर्गात वाढणारा रक्तातला घटक) किती आहे? कुठे संसर्गाचा संशय आहे का?

आणि फुप्फुसांचा मुख्य उपचार स्टिरॉइड नव्हेच. व्हेंटिलेटरचा श्वास लहान ठेवणं (उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे साधारण ६ मिली), गरज पडल्यास पालथं झोपवणं, सलाइन बेतानं आणि नाकातल्या नळीने लवकर अन्न. यातलं काय चालू आहे तेही विचारा.

प्रतिसाद २

कुणीतरी ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन सुचवेल म्हणून लिहिते. तेही हार्मोनसारखंच, स्वादुपिंडाचा स्राव कमी करतं, त्यामुळे पूर्वी त्याच्यावर फार भिस्त होती. जर्मनीतल्या ३०२ रुग्णांच्या चाचणीत (१९९९) त्याचा काही फायदा दिसला नाही. नातेवाइकांनी त्यासाठी धावाधाव करू नये.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ताईला आणि थोरल्या भाऊजींना सगळं वाचून दाखवलं. सीटीत नेक्रोसिस निघालं नाही आणि संसर्गाची खूण नसेल, तर त्यांचीही ना नाही. उद्या सकाळच्या भेटीत हे प्रश्न कागदावर लिहूनच नेते. पालथं झोपवण्याबद्दल आजवर कुणी काही बोललं नव्हतं, ते आधी विचारते. डॉक्टर काय म्हणतात ते इथेच कळवते.