चालू ज्युपिटर कर्नलला (नोटबुकचा कोड चालवणाऱ्या प्रोसेसला) एआय साहाय्यक जोडायचा आहे. नेमकं कसं?

विदाघर:
ज्युपिटरलॅबमध्ये पांडाजचं (पायथनच्या डेटा लायब्ररीचं) काम. पार्के फाइलमधून भरलेली साधारण ६ जीबीची डेटाफ्रेम (डेटाचा तक्ता) मेमरीत असते, साफसफाई केलेले कॉलमही तिथेच. एडिटरमधला एआय साहाय्यक फक्त फायली वाचतो. फ्रेममध्ये खरोखर काय आहे ते त्याला दिसत नाही, मग कॉलमांची नावं अंदाजाने लिहितो आणि कीएरर (असं नाव नाही, ही चूक) येतो. त्याला स्वतंत्र स्क्रिप्ट चालवू दिली तर सगळा डेटा पुन्हा भरावा लागतो. चालू असलेल्या कर्नललाच त्याला जोडता येईल का? छोटा एमसीपी सर्व्हर (एआय साहाय्यकाला बाहेरची टूल जोडून देणारा प्रोग्राम) लिहायची तयारी आहे. उबुंटू, पायथन ३.११.

शेलपाखरू:
येईल. नोटबुक आणि कर्नल वेगवेगळे असतात, आणि एका कर्नलला एकापेक्षा जास्त क्लायंट जोडता येतात. सेलमध्ये ‘%कनेक्ट_इन्फो’ ही मॅजिक कमांड चालवा. शेल (कोड पाठवायला), आयओपब (आउटपुट यायला), एसटीडीइन, कंट्रोल आणि हार्टबीट अशी पाच पोर्ट आणि मेसेजवर सही करायची गुप्त किल्ली (की), एवढं जेसनमध्ये छापून येईल. तीच माहिती ज्युपिटरच्या रनटाइम फोल्डरमधल्या कर्नलच्या जेसन फाइलमध्ये असते.

सर्व्हरमध्ये ज्युपिटर_क्लायंट पॅकेजमधला ब्लॉकिंग क्लायंट घ्या, ती फाइल लोड करा, चॅनल सुरू करा, कर्नल तयार होईपर्यंत थांबा आणि कोड पाठवा. पाठवल्यावर मेसेज आयडी मिळतो, तो जपून ठेवा. बहुतेकांचं चुकतं ते इथे: आयओपबवर सगळ्याच क्लायंटचं आउटपुट येतं, तुमच्या नोटबुकचंही. म्हणून प्रत्येक मेसेजच्या पेरेंट हेडरमधला आयडी ताडून पाहा, जुळत नसेल तर सोडून द्या, आणि आपल्या आयडीसाठी ‘आयडल’ स्टेटस येईपर्यंत वाचत राहा. शेल चॅनलवर उत्तर आलं म्हणून वाचणं थांबवलंत तर शेवटच्या ओळी निसटू शकतात, कारण दोन्ही चॅनल स्वतंत्र आहेत.

कोड पाठवताना ‘अलाउ_एसटीडीइन’ फॉल्स ठेवा. नाहीतर साहाय्यकाने इनपुट फंक्शन वापरलं की कर्नल उत्तराची वाट बघत अडकतो आणि तुमचे सेलही त्याच्यामागे रांगेत उभे राहतात. ‘स्टोअर_हिस्ट्री’ही फॉल्स ठेवा, म्हणजे तुमच्या सेलचे आकडे उड्या मारणार नाहीत.

आणि एमसीपी एसटीडीआयओवर (प्रोग्रामच्या स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवर) चालवणार असाल तर सर्व्हरच्या कोडमध्ये एकही प्रिंट नको. त्याच वाटेने जेसन-आरपीसी (एमसीपीचे मेसेज) जातं. मध्ये एक भलती ओळ घुसली तरी प्रोटोकॉल बिघडतो. लॉग एसटीडीएररवर पाठवा.

गाळणी:
आउटपुट आहे तसं मॉडेलकडे पाठवू नका. ट्रेसबॅकमध्ये रंगांचे एएनएसआय कोड असतात, ते आधी काढा. आलेखाची पीएनजी बेस६४मध्ये (चित्राचं लांबलचक अक्षररूप) येते. ती मजकूर म्हणून गेली तर हजारो टोकन (मॉडेल मजकूर मोजतं ते तुकडे) फुकट जातात. मजकूर ४,००० अक्षरांवर तोडावा असं मी म्हणेन, पण कापताना सुरुवात आणि शेवट दोन्ही ठेवा. ट्रेसबॅकमधली खरी चूक शेवटच्या ओळीत असते. ‘इतकी अक्षरं गाळली’ हेही लिहा, नाहीतर मॉडेल अर्ध्या आउटपुटलाच पूर्ण समजून पुढे जातं.

कोरा_सेल:
जोडणी सोपी आहे, खरी काळजी स्टेटची, म्हणजे मेमरीतल्या व्हेरिएबलची. साहाय्यकाने तुमच्याच फ्रेमवर ड्रॉपएनए (रिकाम्या किमती असलेल्या ओळी काढणं) करून ती त्याच नावात परत ठेवली, तर तुमच्या नोटबुकमध्ये त्याचा मागमूसही राहत नाही. दुसऱ्या क्लायंटने चालवलेला कोड तिथे सेल म्हणून उमटत नाही. त्यामुळे सर्व्हरने पाठवलेला प्रत्येक कोड वेळेसकट फाइलमध्ये नोंदवलाच पाहिजे.

माझ्या मते दोन वेगळी टूल हवीत. पहिलं फक्त पाहण्याचं: ते कोड घेतच नाही, व्हेरिएबलचं नाव घेतं. ते वैध आयडेंटिफायर आहे का ते तपासा आणि तुम्ही आधीच लिहून ठेवलेला कोड चालवा: शेप (ओळी आणि कॉलम किती), डीटाइप (कॉलमांचे प्रकार), पहिल्या ५ ओळी, रिकाम्या किमतींची मोजणी. कीएरर यायचे बहुतेक इथेच थांबतात. दुसरं टूल कोड चालवण्याचं, दर वेळी तुमच्या मंजुरीने. एकाच टूलमध्ये रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधणारा नियम) लावून ‘लिहिणारा’ कोड अडवायला जाऊ नका, पायथनमध्ये पळवाटा फार.

‘आधी कॉपी कर’ ही सूचनाही सरसकट देऊ नका. ६ जीबीची कॉपी म्हणजे आणखी सुमारे ६ जीबी. ‘आधी १०,००० ओळींच्या सँपलवर करून दाखव’ असं सांगा.

कर्नलकडे तुमच्या युजरचे सगळे अधिकार असतात, पासवर्ड असलेले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलसुद्धा. डेटाबेससाठी फक्त वाचता येणारं खातं वापरा. पहिल्या ५ ओळींत लोकांची नावं, फोन नंबर असतील तर ते मॉडेल चालवणाऱ्या कंपनीकडे जातात. ते कॉलम टूलमध्येच झाका.

विदाघर:
दोन टूलची कल्पना पटली. साहाय्यकाचा कोड १० मिनिटं चालत राहिला तर? आणि मी कर्नल रीस्टार्ट केला तर त्याला कळेल कसं?

शेलपाखरू:
तुमच्या क्लायंटचा टाइमआउट फक्त तुमचं वाचणं थांबवतो, कर्नलमधला कोड चालूच राहतो. तो थांबवायला ज्युपिटर सर्व्हरच्या रेस्ट एपीआयमध्ये (एचटीटीपीवरून आज्ञा देण्याची सोय) त्या कर्नलच्या आयडीखाली ‘इंटरप्ट’ला पोस्ट रिक्वेस्ट पाठवा, सर्व्हरच्या प्रवेश-टोकनसकट. पण आधी आपला कोड सुरू झालाय का ते पाहा: आपल्या आयडीसाठी ‘बिझी’ आलेलं नसेल तर तो अजून रांगेत आहे, आणि इंटरप्ट तुमच्याच सेलला बसेल.

रीस्टार्टसाठी: जोडताना कर्नलमध्ये एका व्हेरिएबलमध्ये यूयूआयडी (एकमेव ओळख-क्रमांक) ठेवा आणि दर वेळी कोड चालवण्याआधी तो तपासा. सापडला नाही तर कोड न चालवता ‘कर्नल नवा आहे, आधीची व्हेरिएबल गेली’ एवढंच परत पाठवा आणि नवा यूयूआयडी ठेवा.