टर्बो ट्रॅक्टरची डिलिव्हरी लांबली, पेरणी कशी करावी?

प्रश्न (उदगीर):
मार्चमध्ये 55 अश्वशक्तीच्या टर्बोचार्ज्ड ट्रॅक्टरसाठी आगाऊ रक्कम भरली होती. अक्षय्य तृतीयेला मिळणारा ट्रॅक्टर मृग लागला तरी आलेला नाही, आणि विक्रेता दर वेळी ‘पुढचा आठवडा’ सांगतो. सोयाबीनसाठी थांबावे की बुकिंग रद्द करावे?

उत्तर (परभणी):
50 अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना 1 जानेवारी 2023 पासून ट्रेम-4 हे उत्सर्जन निकष लागू आहेत, त्यामुळे ही इंजिने अधिक गुंतागुंतीची झाली असून एखादा सुटा भाग अडला तरी ट्रॅक्टर रखडू शकतो. तसेही 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये. तोवर भाड्याचा ट्रॅक्टर ठरवून ठेवा. वापसा (पावसानंतर जमीन पेरणीजोगी होणे) आल्यावर भाड्याचा ट्रॅक्टर कोणालाच मिळत नाही, हे मी दोनदा भोगले आहे.

उत्तर (अंबाजोगाई):
डिलिव्हरीची तारीख लेखी मागा आणि चेसिस क्रमांक (तुमच्या ट्रॅक्टरचा ओळख क्रमांक) हाती आल्याशिवाय बँकेला कर्जाची रक्कम विक्रेत्याकडे वर्ग करू देऊ नका. टाळाटाळ झाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

प्रश्नकर्ता:
पावती आहे, पण तीवर तारीखच नाही. उद्या लेखी अर्ज देतो.