सोसायटीचं ड्रिल: नवीन घ्यायचं का?

ए-३०४: सोसायटीचं ड्रिल कोणाकडे आहे? परत विचारतोय. पडद्याचा रॉड लावायचा राहिलाय आणि घरात रोज ऐकून घ्यावं लागतंय.

सी-४०१: रॉडसाठी ते धूड? भिंत राहील ना जागेवर? 😄

बी-२०३: माझ्याकडे आहे. सरळ मला फोन केला असता तरी चाललं असतं. बिट, म्हणजे पुढची भोक पाडायची सळी, बोथट आहे, तेव्हाच सांगितलं होतं.

ए-३०४: काका, तुमचं नाव कुठे घेतलं मी? 🙏

बी-५०१: मुळात ते घरकामाचं मशीन नाहीच. रोटरी हॅमर आहे. आतला पिस्टन हवा दाबून बिटवर ठोके देतो. काँक्रीटला उत्तम, पण शिडीवर उभं राहून एका हाताने धरून दाखवा कोणी. बॅटरीवालं घेऊ असं मी मीटिंगमध्ये म्हटलं होतं, तेव्हा सगळे गप्प.

बी-२०३: बॅटरीवाली खेळणी असतात हो ताई. जोर नसतो त्यात.

बी-५०१: ते जुन्या मशीनचं, काका. आता ब्रशलेस मोटर येते. कार्बन ब्रश घासायला नाहीत, त्यामुळे मशीन कमी तापतं आणि तेवढ्याच बॅटरीत जास्त काम होतं.

ए-१०२: चार्जर कोणाच्या घरात राहणार? आधी ते ठरवा.

सेक्रेटरी: सभासदांनी विषयाला धरून बोलावे ही विनंती. पर्याय दोन आहेत, १८ व्होल्ट आणि २० व्होल्ट. २० जास्त ताकदीचे असल्याने तेच घ्यावे असे वाटते.

बी-५०१: साहेब, दोन्ही एकच. आत ५ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकी ३.६ व्होल्ट धरले की १८. नुकतं चार्ज करून काढलं की प्रत्येकी ४ च्या वर, म्हणून खोक्यावर २० छापतात.

सी-४०१: माझं वजनही सकाळी उपाशीपोटी मोजलेलंच खरं 😂

ए-१०२: चार्जर कोणाच्या घरात राहणार?

बी-२०३: बीमला भोक पाडून दाखवा म्हणावं त्या बॅटरीला.

बी-५०१: बीमसाठी जुनं आहेच की. पण रोज कोण बीम फोडतंय? बिजागऱ्या, कपाटाच्या मुठी, स्क्रू हीच कामं. त्याला १२ व्होल्टचंही पुरतं, आणि सिंकखाली हात घालून चालवता येतं. विटांच्या भिंतीत ६ मिमीची भोकं पाडायची असतील तर १८ चं हॅमर मोडवालं घ्या, म्हणजे फिरता फिरता ठोकेही देणारं. दोन्ही कामं निभतात.

ए-३०४: क्लब रूमच्या कपाटाचा स्क्रू आरपार कोणी घातला होता तेव्हा? प्लाय फाटलंय.

बी-२०३: माझ्याकडे बघून विचारताय का?

बी-५०१: कोणीही असो, क्लच लावला नव्हता. चक, म्हणजे बिट पकडणारा पुढचा भाग, त्याच्या मागे आकड्यांची रिंग असते, ती लहान आकड्यावर ठेवायची. स्क्रू बसला की कटकट आवाज होऊन जोर सुटतो. ड्रिलच्या चिन्हावर रिंग ठेवली की क्लच कामच करत नाही, मग प्लायच फाटणार. आणि वरचं बटण १ वर: फिरणं हळू, जोर जास्त.

सेक्रेटरी: बॅटरी ५ एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची घेऊया, जास्त वेळ चालेल, एकदाच काय ते.

बी-५०१: जड असते, हात भरून येतो हो तिने. २ एएचच्या दोन घ्या, एक मशीनला, एक चार्जिंगला. आणि कंपनी विचार करून निवडा. एकीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही. पुढे ग्राइंडर घेतला तर त्याच बॅटरीवर चालेल.

सी-४०१: ग्राइंडर नको! गार्ड काढून चालवणारे आहेत आपल्याकडे. नाव घेत नाही.

बी-२०३: घ्या ना नाव.

सी-४०१: जाऊ द्या काका 🙏

ए-१०२: चार्जर???

बी-२०३: माझं मत १८ व्होल्टला. पण बाजूचं हँडल हवंच. बिट भिंतीत अडकलं की मशीन स्वतःच फिरतं, मनगट जातं.

बी-५०१: हे मात्र शंभर टक्के बरोबर, काका.

सेक्रेटरी: ठीक. १८ व्होल्ट, दोन बॅटऱ्या, बाजूच्या हँडलसह. चार्जर क्लब रूममध्ये राहील, नेणाऱ्याने रजिस्टरमध्ये सही करावी.

ए-१०२: क्लब रूमची किल्ली कोणाकडे असते?