थोरल्यांची सबुरी : अनुभव धागा

धाकट्या भावंडाशी वागताना आपला तोल कुठे गेला आणि तो पुढे कसा सावरला, हे खानदेशातील थोरल्या ताई-दादांनी मोकळेपणाने लिहावे, एवढ्यासाठी हा धागा आहे. घरासाठी आपण किती खस्ता खाल्ल्या, हे येथे नको. ते धाकट्यांनी पुष्कळदा ऐकलेले असते. सुरुवात मीच करतो.

रावेर तालुका : आमची केळीची शेती आहे. धाकटा पुण्यातील नोकरी सोडून परतला, तेव्हा पील बागेसाठी, म्हणजे जुन्या झाडांच्या बुंध्याशी फुटलेल्या पिलांवर घ्यायच्या पुढच्या पिकासाठी, पिले राखण्याचे काम मी त्याच्यावर सोपवले. केळीच्या बुंध्याशी दोन प्रकारची पिले फुटतात. अरुंद, तलवारीसारख्या पानांची पिले जोमदार निघतात, तर रुंद पानांची पिले दिसायला भरदार असली तरी कमकुवत असतात. त्याने नेमकी भरदार दिसणारी राखली आणि चांगली पिले विळ्याने छाटली. दोन ओळी झाल्यावर माझ्या लक्षात आले आणि सालदारासमोर मी त्याला नको ते बोललो. त्याने विळा बांधावर ठेवला. पंधरा दिवस तो मळ्याकडे फिरकला नाही. तेवढ्या दिवसांत मला आठवले, की हा फरक वडिलांनी मला एका संध्याकाळी, मजूर गेल्यावर, पील हातात धरून दाखवला होता. मी मात्र धाकट्याला तो सांगितलाच नव्हता. शेतकऱ्याच्या मुलाला एवढे ठाऊक असणारच, असे गृहीत धरले होते. आता चूक दिसली तरी मजूर घरी जाईपर्यंत मी तोंड उघडत नाही. (ओठ आवळून बसावे लागते, हे कबूल करतो.)

भुसावळ : वडील रेल्वेत असल्याने त्यांची पाळी बदलती असे आणि भावाचा अभ्यास माझ्याकडे होता. सातचा पाढा चुकला की मी पट्टी आपटत असे. एकदा तो रडत म्हणाला, "आक्का, तू माले शिकाडत नही, नुसती वरडस." त्यानंतर त्याची वही गादीखाली सापडू लागली. त्या उन्हाळ्यात आईने गच्चीवर ज्वारीचे बिबडे (पापड) वाळत घातले होते, आणि कावळे हाकलायला बसवलेल्या भावाने आपण होऊन सांगितले, की सात ओळी आहेत, प्रत्येकीत आठ, म्हणजे छप्पन्न. मी पट्टी खाली ठेवून आले. पुढचे पाढे गच्चीवरच झाले.

नंदुरबार : १९९८ साली आमचा जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला आणि त्याच वर्षी आम्हा भावांची वाटणी झाली. विहिरीकडचा तुकडा मी राजीखुशीने धाकट्याला दिला. परंतु प्रत्येक उन्हाळ्यात चारचौघांत त्याची आठवण करून देत राहिलो. दिलेली विहीर मी अशी बोलून बोलून परत घेत होतो, हे मला पत्नीने दाखवून दिले.

चोपडा तालुका : आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही दोघी बहिणी माहेरी येतो. लहानपणापासून काम कोणी किती केले याचा हिशोब मी मनात ठेवत आले. त्यामुळे ती झोक्यावर आणि मी चुलीशी, हे दृश्य मला सहन होत नसे. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला तिचा चेहरा उतरलेला दिसला. काही न विचारता मी तिला झोक्याकडे पाठवले आणि खापरावर (चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर) पुरणाचे मांडे करायला बसले. तासाभराने ती स्वतःच आली, माझ्या शेजारी बसली, पुरण भरलेला गोळा हातांवर घेऊन पसरवू लागली आणि सासरचे एकेक सांगू लागली. तिचा पहिला मांडा खापरावर टाकतानाच फाटला. मी काही बोलले नाही. तो माझ्याच ताटात घेतला आणि आमरसाशी खाल्ला.