मदत हवी आहे : 'सीक्रेट इन्व्हेजन'मधला रोडी नेमका कधीपासून तोतया?

२०२३ची ही मार्व्हलची मालिका (परग्रहावरचे स्क्रल कुणाचंही रूप घेऊन माणसांच्या जागी बसतात ती) ज्यांची बघायची राहिलीय त्यांनी इथूनच मागं फिरा, पुढं सगळं फोडलंय.

आम्ही परभणीचे चौघं, चौघांची चार मतं. शेवटच्या, म्हणजे सहाव्या भागात खरा रोडी (आयर्न मॅन टोनी स्टार्कचा जिगरी दोस्त, वॉर मशीन) कैदेतून बाहेर येतो. अंगात दवाखान्याचा झगा, आणि पाय टेकवता येईनात. यावरून आमच्यातला एक अडून बसलाय की अदलाबदल 'सिव्हिल वॉर' सिनेमानंतरच (२०१६) झाली. लाइपझिगच्या विमानतळावर त्याच्याच बाजूच्या व्हिजनचा नेम चुकला, रोडी आकाशातून कोसळला, दवाखान्यात गेला. तिथंच स्क्रल लोकांनी त्याला उचललं म्हणे.

हे खरं धरलं तर 'एंडगेम' सिनेमात मरणाऱ्या टोनीजवळ सगळ्यात आधी पोचलेला रोडी कोण होता? मला ते पटतच नाही. पटत नाही म्हणजे सहन होत नाही म्हणा हवं तर. पण भावना सोडल्या तरी दोन मुद्दे उरतात.

पहिला पायांचा. २०१६ पासून खरा रोडी टोनीनं करून दिलेल्या यांत्रिक आधारावरच चालतोय. तो काढून घेतला तर त्याला कधीही पकडलेलं असो, तो पडणारच. मग पायांवरून साल कसं ठरवायचं? राहिला फक्त झगा.

दुसरा ग्रॅव्हिकचा, म्हणजे मालिकेतल्या बंडखोर स्क्रलांच्या म्होरक्याचा. 'एंडगेम'मधली थॅनोसशी लढाई संपल्यावर रणांगणावरचं अ‍ॅव्हेंजर्सचं (रोडी-टोनीच्या सुपरहिरो गटाचं) रक्त गोळा करायला हेरप्रमुख फ्युरीनं त्यालाच पाठवलं होतं. तोवर तो फ्युरीचा माणूस असेल, तर त्याच्या कितीतरी आधी रोडीच्या जागी आपला हस्तक कामून बसवेल?

कॉमिक वाचून उपयोग नाही, ते आधीच सांगतो. २००८च्या मूळ कॉमिकमध्ये (बेंडिसचं लेखन, लेनिल यूची चित्रं, आठ अंक) स्क्रलांची राणी व्हेरांकी स्पायडर-वुमन बनून बसलेली असते, हँक पिमही तोतया निघतो. रोडी मात्र तिथं अस्सल आहे. कॉमिक वाचून मालिकेला बसलेल्यांना म्हणूनच काही फायदा झाला नाही.

देवगिरीची गोष्ट आपल्याकडं सांगतात ना, धान्याची म्हणून गडावर चढवलेली पोती उघडली तर आत मीठ? तसं झालंय. पोतं कधी बदललं तेवढंच कळत नाही.

तर मदत अशी हवी आहे : 'फाल्कन अँड द विंटर सोल्जर'च्या (२०२१) पहिल्या भागात रोडी संग्रहालयात सॅमशी (फाल्कनशी) बोलतो. तिथं त्याच्या पायांना आधार दिसतो का? आणि २०१६ ते २०२१ मधला एखादा असा प्रसंग सांगा जो स्क्रलला निभावताच आला नसता. पैज लागलीय, हरणाऱ्यानं बाकीच्यांना संभाजीनगरला नेऊन नान-खलिया खिलवायचा.

प्रतिसाद १ :
ग्रॅव्हिकचा मुद्दा लंगडा आहे, राव. फितूर माणूस शेवटच्या दिवसापर्यंत हुकूम पाळतच असतो, नाहीतर फितुरी कसली? पायांचा मुद्दा मात्र चोख. आणि आठवणींकडं बघा. 'कॅप्टन मार्व्हल'मधल्या स्क्रलांना ज्याचं रूप घेतलं त्याच्या फक्त अलीकडच्या आठवणी मिळतात. या मालिकेत म्हणूनच माणसं यंत्राला जोडून जिवंत ठेवलीत, जुन्या आठवणीही काढता याव्यात म्हणून. टोनीशी असलेली इतक्या वर्षांची दोस्ती निभावायची तर ते यंत्र तेव्हाच तयार हवं. ते २०१६ला होतं असं मालिकेत कुठं दाखवलंय, हे तुमच्या मित्राला विचारा.

प्रतिसाद २ :
'आर्मर वॉर्स' येईपर्यंत थांबा. रोडीचीच गोष्ट आहे. २०२०मध्ये मालिका म्हणून जाहीर केली, २०२२मध्ये तिचा सिनेमा करायचं ठरलं. उत्तर मिळालं तर तिथंच.

धागाकर्ता :
यंत्राचा मुद्दा भारी, हा आमच्या डोक्यातच आला नव्हता. आजच त्याच्या तोंडावर टाकतो. सिनेमाची वाट बघायला पोरं तयार नाहीत. संग्रहालयातला प्रसंग थांबवून थांबवून बघायला कुणाला वेळ असेल तर पायांचं तेवढं सांगाच.