अनुभव धागा: साहेबांचा निरोप, पलटणीतला, घरातला आणि गावातला

३० एप्रिल २०२२ रोजी जनरल मनोज नरवणे लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झाले आणि जनरल मनोज पांडे यांनी सूत्रं हाती घेतली. एक पुण्याचे, दुसरे नागपूरचे, त्यामुळे आपल्याकडे तो दिवस फार कौतुकाने पाहिला गेला. ब्रिगेडियर ५६ व्या, मेजर जनरल ५८ व्या, लेफ्टनंट जनरल ६० व्या वर्षी निवृत्त होतात. त्यांचे निरोप मात्र छावणीच्या फाटकाआड होतात, बाहेर कळतही नाहीत. तुम्ही अशा निरोपाला हजर होतात? काय पाहिलंत, काय केलंत? सविस्तर लिहा. सेवेत असलेल्यांची नावं आणि युनिटची ठिकाणं तेवढी टाळा.

निवृत्त सुभेदार मेजर, मराठा लाइट इन्फंट्री

आमचे सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, पुढे मेजर जनरल झाले आणि निवृत्तीआधी पलटणीला भेटायला आले. ऑफिसर मेसमधल्या डायनिंग आउटचं, म्हणजे अधिकाऱ्यांच्या निरोपाच्या जेवणाचं, मी काय सांगणार, आमचा मान बडाखान्याचा, सगळ्या पलटणीच्या एकत्र जेवणाचा. साहेब जवानांच्या पंगतीत बसले आणि रस्सा वाढणाऱ्याला म्हणाले, "माझ्यासाठी तिखट कमी केलंस की काय रे?" तो लाजून लाल.

दुसऱ्या दिवशी सैनिक संमेलन झालं, मग जिप्सी आली. झेंडूच्या माळा, इंजिन बंद, पुढे पांढरं कापड गुंडाळलेले दोन जाड दोर. आमच्याकडे साहेबांची गाडी अशीच ओढत फाटकापर्यंत नेतात. दोराला अधिकारी आणि जेसीओ (आम्ही सुभेदार मंडळी), दुतर्फा जवान, आणि "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!" मला उजव्या दोराला पुढची जागा मिळाली होती.

क्वार्टर गार्डपाशी, म्हणजे पलटणीच्या पहाऱ्याच्या चौकीपाशी, साहेब "थांबा" म्हणाले. उतरले, सलामी घेतली आणि गाडीत न बसता थेट रांगेच्या शेवटाकडे चालू लागले. तिथे न्हावी, धोबी, मेसचे स्वयंपाकी उभे होते. न्हावीकाकांनी साहेबांचे केस ते कॅप्टन असल्यापासून कापलेले. साहेबांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि विचारलं, "मुलीचं लग्न ठरलं का?" काकांना बोलवेना, त्यांनी नुसती मान हलवली. माझ्या तळहातावर दोराचे वळ उठले होते. घरी गेल्यावर बायकोला मुद्दाम दाखवले.

ब्रिगेडियरची मुलगी, पुणे

बाबांना रेजिमेंटने चांदीचं तबक दिलं. त्यावर सगळ्या अधिकाऱ्यांच्या सह्या कोरलेल्या आहेत. ते दिवाणखान्यात आहेच, पण मला जास्त प्रिय आहेत त्या काळ्या ट्रंका. प्रत्येक बदलीला त्यांवरचं ठिकाण रंगाने झाकून नवीन लिहायचं, बढती झाली की हुद्दाही. निवृत्तीनंतर एकीचे पापुद्रे निघाले, तर 'लेफ्टनंट कर्नल'खालून 'मेजर' दिसायला लागलं. आईने ती पुन्हा रंगवू दिली नाही. निरोपाच्या भाषणांत आईचं नाव एका ओळीत आलं. मला ते फार कमी वाटलं. अर्धी बिऱ्हाडं तिने एकटीने हलवली होती, बाबा फील्ड पोस्टिंगवर असताना.

सैनिकी रुग्णालयातली निवृत्त नर्सिंग अधिकारी

आमच्या कमांडंट मॅडम शेवटच्या दिवशीही सकाळी वॉर्डात राउंडला आल्या. गार्ड ऑफ ऑनर त्यानंतर. लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर २०२१ मध्ये निवृत्त झाल्या आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, तेव्हा आम्हा सगळ्याजणींना मॅडमची आठवण आली. या बायका घरी बसणाऱ्यातल्या नाहीत.

जुना पुणेकर

जनरल अरुणकुमार वैद्य ३१ जानेवारी १९८६ ला निवृत्त होऊन पुण्यात राहायला आले. महावीर चक्र दोनदा: १९६५ मध्ये डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचं नेतृत्व करताना आणि १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत. निवृत्तीच्याच वर्षी, १० ऑगस्ट १९८६ ला, पुण्यातच त्यांची हत्या झाली. निवृत्तीचे सहा महिने जेमतेम मिळाले या माणसाला. म्हणून सांगतो, सत्कार पुढे ढकलू नका. हॉल मिळत नाही, पाहुणे मिळत नाहीत, ही कारणं नकोत.

वीरपत्नी, कोल्हापूर जिल्हा

आमचे हे गेले तेव्हा साहेब त्यांचे कंपनी कमांडर होते. पेन्शनचे कागद एका कार्यालयात अडकले होते, साहेबांनी पत्रांवर पत्रं लिहून ते सोडवले. नंतर दर दिवाळीला फोन. निवृत्त झाल्यावर बाईसाहेबांना घेऊन आमच्या घरी आले. सासूबाईंच्या पाया पडले, म्हणाले, "आई, आता रजेचा अर्ज लागत नाही, केव्हाही बोलवा." सासूबाईंनी त्यांना ह्यांच्या फोटोखाली बसवून ओवाळलं. जेवायला भाकरी, पिठलं, ठेचा होता. मी गोडाचं करणार होते, त्यांनीच नको म्हणून सांगितलं. थोरला आता भरतीची तयारी करतोय, धावण्याचं वेळापत्रक त्यांनीच लिहून दिलंय.

ग्रामपंचायत सदस्य, सातारा जिल्हा

आमच्या गावचे लेफ्टनंट जनरल निवृत्त होऊन येत आहेत. शाल, श्रीफळ, फेटा, मानपत्र ठरलंय. वरचं वाचून त्यांच्या पलटणीतले आसपासच्या गावांतले जवान शोधायला घेतले, चौघांचा पत्ता लागला. ते मंचावरच बसतील. मानपत्रात काय काळजी घ्यावी?

निवृत्त सुभेदार मेजर

हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस होतो. म्हणून आधी 'लेफ्टनंट जनरल', मग नाव, मग पदकं, आणि 'निवृत्त' कंसात सगळ्यात शेवटी. पदकांत परम विशिष्ट सेवा पदक आधी, अति विशिष्ट त्यानंतर. छापायला देण्याआधी मसुदा त्यांच्या घरी दाखवा. आणि मानपत्रात बाईसाहेबांवर एक पूर्ण परिच्छेद हवा.