मदत हवी आहे: बाळंतपणानंतर सव्वा महिना व्हायच्या आधी अंगावरून पुन्हा लाल जाणं

ताई-वहिनींनो, माहेरी अमळनेर तालुक्यात आहे. पहिलं बाळंतपण, नॉर्मल, टाके पडले होते. आज ३३वा दिवस.

अंगावरून जाणं आधी लाल, मग तपकिरी, मग पांढरट होऊन जवळजवळ थांबलं होतं. परवा पाण्याची कळशी उचलली आणि काल पुन्हा थोडं लाल दिसलं. ताप नाही, वास नाही, पॅडही भरत नाही. तासाभरात पॅड भिजलं तर लगेच दवाखाना गाठायचा, हे आशाताईंनी २८व्या दिवशी आल्या तेव्हा सांगून ठेवलंय.

सहाव्या आठवड्याला दाखवायला बोलावलंय. तोवर थांबू की आधीच जाऊ? आई म्हणते, सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही. तिच्या मायेवर शंका नाही, पण या उन्हात बाजेखाली शेगडी ठेवून घामाने टाक्यांची जागा चुरचुरते, ते मी कुणाला सांगू?

गर्भाशय रोज बोटभर खाली उतरतं, दहा-पंधरा दिवसांत पोटावरून हाताला लागत नाही, असं नर्सबाईंनी सांगितलं होतं. तरी उठताना बेंबीच्या वर मधोमध उभा फुगवटा येतो, दोन बोटं आत जातात. आई कापडाने पोट घट्ट बांधते. त्याने ही फट भरते का, की व्यायाम लागतो?

आणि त्या तपासणीत नेमकं काय बघतात? टाके, बीपी, हिमोग्लोबिन एवढंच, की आतूनही? आतून तपासतील याची फार भीती वाटते. कुणी करून घेतली असेल तर दुखतं का, ते खरं सांगा.